सुईण, मितानिन आणि रक्त मोजणारी चादर

छत्तीसगडीत बाळंतपणाला ‘जचकी’ म्हणतात आणि ते पार पाडणाऱ्या बाईला ‘सुइन’. मराठीतली सुईण ती हीच. नागपूरकर भोसल्यांच्या अमलामुळे आणि पुढे मध्य प्रांताच्या एकत्र कारभारामुळे रायपूर आणि विदर्भ यांचा इतिहास १९५६ पर्यंत एकमेकांत गुंतलेला होता. आज मात्र एका बाबतीत या दोन शेजाऱ्यांमध्ये मोठे अंतर आहे. नमुना नोंदणी प्रणालीच्या २०१८-२० च्या अहवालानुसार दर एक लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ माता दगावल्या, छत्तीसगडमध्ये १३७. देशाची सरासरी ९७ होती आणि केरळचा आकडा १९.

याचे पहिले उत्तर सहज सुचते. छत्तीसगडमधील स्त्रिया घरीच बाळंत होत असतील, दवाखान्यात जात नसतील. पण पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) छत्तीसगडमधील सुमारे ८६ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत झाल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ९५ टक्के होते. नऊ टक्क्यांच्या फरकातून मृत्यूंचा चौपट फरक कसा निर्माण होतो?

विद्यार्थी वाचकांनी हे गणित कागदावर करून पाहावे. छत्तीसगडच्या ८६ टक्के संस्थात्मक प्रसूती महाराष्ट्राइतक्याच सुरक्षित आहेत, म्हणजे तेथे लाखामागे ३३ मृत्यू होतात, असे गृहीत धरू. मग एकूण आकडा १३७ येण्यासाठी उरलेल्या १४ टक्के घरगुती बाळंतपणांत लाखामागे सुमारे ७७५ मृत्यू व्हावे लागतील. आता मागे वळून पाहा. २००१-०३ मध्ये बहुसंख्य बाळंतपणे घरीच होत असतानाही मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून हा आकडा ३७९ होता. तेव्हा ७७५ पटण्यासारखा नाही. निष्कर्ष एकच उरतो. मृत्यूंचा मोठा वाटा आता घरात घडत नाही. तो दवाखान्यात, किंवा एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर घडतो.

हे असे का झाले, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

सुईणीवर ठपका

लेडी डफरिन यांच्या नावाने १८८५ मध्ये स्थापन झालेल्या निधीतून देशात स्त्रियांसाठी रुग्णालये उभी राहू लागली. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने सुईणींच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मृती निधी सुरू झाला. त्या काळच्या सरकारी लेखनात एक सूर सतत ऐकू येतो: सुईण अडाणी आहे, अस्वच्छ आहे, माता मरतात त्या तिच्यामुळे. यात काही तथ्य होते. न उकळलेल्या विळ्याने नाळ कापली की बाळाला धनुर्वात होत असे, आणि अस्वच्छ हातांनी केलेली तपासणी प्रसूतिज्वराला आमंत्रण देत असे. १९४६ च्या भोर समितीने देशातील मातामृत्यूचे प्रमाण दर हजार जन्मांमागे सुमारे २० असे सांगितले. म्हणजे लाखामागे २,०००.

परंतु ज्या इंग्लंडच्या नजरेतून हा ठपका ठेवला जात होता, त्या इंग्लंडची स्थिती काय होती? १८५० पासून १९३५ पर्यंत तेथील मातामृत्यूचे प्रमाण लाखामागे चार-पाचशेच्या घरातून खाली येत नव्हते. याच काळात क्षयरोग घटला, बालमृत्यू घटले, घरे आणि आहार सुधारले. माता मात्र पूर्वीइतक्याच मरत राहिल्या. त्याहून विलक्षण गोष्ट अशी, की १९३० च्या आसपास सुखवस्तू कुटुंबांतील स्त्रियांचे प्रमाण गरीब कुटुंबांपेक्षा कमी नव्हते, उलट काहीसे जास्तच होते. त्यांच्या बाळंतपणाला डॉक्टर येत, चिमटे वापरत, आणि अनेकदा जंतूही सोबत आणत.

व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी १८४७ मध्येच हे दाखवून दिले होते. शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या विभागात सुईणींच्या विभागापेक्षा कितीतरी अधिक स्त्रिया दगावत. क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याचा नियम होताच मृत्यू झपाट्याने घटले. तरी त्यांचे म्हणणे त्यांच्या हयातीत सर्वमान्य झाले नाही.

इंग्लंडमध्ये आलेख कोसळला तो १९३५ नंतर. सल्फा औषधांनी प्रसूतिज्वर आटोक्यात आणला, अर्गोमेट्रिनने रक्तस्राव रोखण्याचे साधन दिले, रक्तपेढ्या उभ्या राहिल्या. १९५२ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी सुरू झाली. त्यात दोषी कोण हे शोधायचे नव्हते. काय टाळता आले असते, एवढेच विचारायचे होते. थोडक्यात, केवळ डॉक्टर किंवा इमारत यांनी माता वाचल्या नाहीत. योग्य वेळी योग्य कृती झाली, तेव्हा त्या वाचल्या.

नवे राज्य, एकच वैद्यकीय महाविद्यालय

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूर राजधानी. त्या दिवशी संपूर्ण राज्यात एकच वैद्यकीय महाविद्यालय होते, रायपूरचे पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती महाविद्यालय, १९६३ चे. त्याचे रुग्णालय लोकांच्या तोंडी ‘मेकाहारा’ म्हणून आहे, म्हणजे ‘मेडिकल कॉलेज हॉस्पिटल रायपूर’ची आद्याक्षरे. उत्तरेला सरगुजा, दक्षिणेला बस्तर आणि मध्ये रायपूर. जगदलपूरहून रायपूर सुमारे ३०० किलोमीटर.

डॉक्टरच नाहीत, या अडचणीवर नव्या राज्याने दोन धाडसी उपाय केले.

पहिला उपाय म्हणजे २००१ मध्ये सुरू केलेला तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम. डॉक्टरांच्या संघटनांनी त्याला ‘अर्धवट डॉक्टर’ म्हणून विरोध केला, प्रकरणे न्यायालयात गेली आणि काही वर्षांत प्रवेश बंद झाले. पण बाहेर पडलेले पदवीधर ग्रामीण वैद्यकीय सहायक म्हणून दूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. पुढे संशोधकांनी त्यांची तुलना एमबीबीएस डॉक्टरांशी केली, तेव्हा प्राथमिक केंद्रात नेहमी येणाऱ्या आजारांच्या निदान-उपचारांत ते तोडीस तोड आढळले.

दुसरा उपाय म्हणजे मितानिन. छत्तीसगडमध्ये दोन व्यक्तींनी विधिपूर्वक मैत्री जोडण्याची प्रथा आहे. एकदा ‘मितान’ झाले की ते नाते रक्ताच्या नात्याइतके पाळले जाते. २००२ मध्ये राज्याने हाच शब्द घेऊन प्रत्येक पाड्यावर एक आरोग्य-मैत्रीण निवडण्याचे ठरवले. तिची निवड पाड्यातील लोकांनी करायची होती आणि शिक्षणाची अट ठेवलेली नव्हती. प्रशिक्षणाचा आणि देखरेखीचा भार रायपूरच्या राज्य आरोग्य संसाधन केंद्राने उचलला. काही वर्षांतच त्यांची संख्या ६० हजारांच्या आसपास गेली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने देशभर ‘आशा’ नेमल्या, त्यामागे मितानिनचा अनुभव होता. फरक एवढाच की आशा साधारण हजार लोकवस्तीमागे एक, तर मितानिन पाड्यामागे एक. जंगलात विखुरलेल्या वस्त्यांच्या प्रदेशात हा फरक लहान नाही.

दारापर्यंत पोहोचलो

२००५ च्या एप्रिलमध्ये जननी सुरक्षा योजना आली. छत्तीसगडसारख्या राज्यांत ग्रामीण स्त्रीला दवाखान्यात बाळंत झाल्यास १,४०० रुपये मिळू लागले. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी दवाखान्यातील प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त आणि वाहन मोफत केले. १०२ क्रमांकाची ‘महतारी एक्स्प्रेस’ गावोगाव धावू लागली. महतारी म्हणजे आई. मितानिन सोबतीला होतीच.

परिणाम थक्क करणारा आहे. २००५-०६ मध्ये छत्तीसगडमधील अवघ्या १४ टक्के प्रसूती संस्थांत होत होत्या. २०१५-१६ मध्ये त्या ७० टक्के झाल्या, २०१९-२१ मध्ये ८६ टक्के. पंधरा वर्षांत सहापट. सामाजिक वर्तनात इतक्या वेगाने झालेला बदल विरळाच.

मातामृत्यूही घटले, हे निःसंशय. पण ते संस्थात्मक प्रसूतींमुळेच घटले का? भरत रणदिवे आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये छत्तीसगडसह नऊ राज्यांतील २८४ जिल्ह्यांची आकडेवारी तपासली. योजनेच्या पाच वर्षांत या राज्यांतील संस्थात्मक प्रसूती २० टक्क्यांवरून ४९ टक्क्यांवर गेल्या होत्या. तथापि, ज्या जिल्ह्यांत हे प्रमाण अधिक त्या जिल्ह्यांत मातामृत्यू कमी, असा ठळक संबंध त्यांना आढळला नाही. स्त्री दारापर्यंत पोहोचली होती. दाराच्या आत काय होते, हा प्रश्न उरला होता.

दोन तास

दाराच्या आत सर्वांत वेगाने जीव घेणारा शत्रू म्हणजे प्रसूतीनंतरचा रक्तस्राव. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त वाहत असते. बाळ जन्मले आणि वार पडली की गर्भाशयाचे स्नायू आवळतात आणि त्यांच्या विणीत अडकलेल्या रक्तवाहिन्या दाबून बंद होतात. निसर्गाने बांधलेली ही जिवंत गाठच म्हणावी. ती सैल राहिली तर उपचाराअभावी स्त्री दोनेक तासांत दगावू शकते. रक्तक्षय असलेल्या स्त्रीजवळ तेवढाही अवधी नसतो, आणि छत्तीसगडमधील निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयी आहेत. शिवाय या पट्ट्यात सिकलसेलचे जनुक मोठ्या प्रमाणावर आढळते. तो आजार असलेल्या स्त्रीच्या गर्भारपणातील धोके आणखी वाढतात.

आता हे दोन तास जगदलपूर ते रायपूर या रस्त्याशेजारी ठेवून पाहा. रायपुरात एम्स आहे, मेकाहारा आहे, खासगी रुग्णालयांची रांग आहे. पण रक्तस्रावाच्या घड्याळापुढे ३०० किलोमीटर हे अंतर फारच मोठे आहे. जे करायचे ते जिथे प्रसूती होते तिथेच, तिथल्या परिचारिकेलाच करावे लागणार.

हे शक्य आहे का, याचे उत्तर मराठी भाषकांच्या परिचयाच्या एका जिल्ह्यातून आले. तो जिल्हा म्हणजे बेळगाव.

बेळगावची चादर

२००२ ते २००५ या काळात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील शिवप्रसाद गौडर, भालचंद्र कोडकणी आणि अमेरिकेतील रिचर्ड डर्मन यांच्या चमूने जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात एक प्रयोग केला. रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिन थंड ठिकाणी साठवावे लागते आणि टोचावे लागते. मिसोप्रोस्टॉलची गोळी मात्र उन्हाळ्यातही टिकते आणि तोंडाने देता येते. परिचारिका-सुईणींनी १,६२० स्त्रियांना, कोणाला काय मिळते हे न कळता, मिसोप्रोस्टॉल किंवा दिसायला तशीच निरुपद्रवी गोळी दिली. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले होते आणि तीव्र रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर. डॉक्टर नव्हता, शस्त्रक्रियागृह नव्हते. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या वापरासाठी मिसोप्रोस्टॉलचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

गोळीइतकीच महत्त्वाची आणखी एक वस्तू या प्रयोगातून बाहेर पडली, ती मात्र फारशी प्रसिद्ध नाही. रक्त किती गेले हे अचूक कळल्याशिवाय औषधाचा परिणाम कसा मोजणार? म्हणून चमूने प्लास्टिकची एक साधी चादर तयार केली. बाळ जन्मले की ती बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायची. खालच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी आणि पिशवीवर मापाच्या रेघा. तिची तुलना नजरेच्या अंदाजाशी केल्यावर दिसले की अनुभवी डोळ्यांचा अंदाजसुद्धा चादरीवरील मापापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी येतो. कपड्यात मुरलेले, जमिनीवर सांडलेले, पाण्यात मिसळलेले रक्त डोळ्यांना फसवते. ४०० मिलिलिटर वाटते तेव्हा प्रत्यक्षात ६०० गेलेले असते आणि धोक्याची रेघ कधीच ओलांडलेली असते.

यादी, आणि यादीने शिकवलेला धडा

दरम्यान दुसरा एक मार्ग पुढे आला होता. वैमानिक जशी उड्डाणापूर्वी यादी तपासतो, तशी प्रसूतीच्या प्रत्येक टप्प्यावर परिचारिकेने यादी तपासावी: हात धुतले का, रक्तदाब पाहिला का, ऑक्सिटोसिन तयार आहे का. २०१० मध्ये कर्नाटकातील एका प्रसूतिकेंद्रात जागतिक आरोग्य संघटनेची अशी यादी वापरून पाहिली. २९ आवश्यक कृतींपैकी आधी सरासरी १० होत होत्या, नंतर २५ होऊ लागल्या.

मग उत्तर प्रदेशातील २४ जिल्ह्यांत, १२० केंद्रांत, दीड लाखाहून अधिक प्रसूतींवर तिची मोठी चाचणी झाली. २०१७ चा निकाल निराशाजनक होता. यादी आणि प्रशिक्षकांमुळे परिचारिकांच्या कृती निश्चित सुधारल्या. दोन महिन्यांनंतर आवश्यक कृतींचे प्रमाण एका गटात ७३ टक्के होते, दुसऱ्यात ४२. पण मृत्यू आणि गंभीर गुंतागुंत यांचे एकत्रित प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखे राहिले, १५.१ आणि १५.३ टक्के. हात धुणे आवश्यक होते, पुरेसे नव्हते. रक्त, भूल देणारा डॉक्टर, शस्त्रक्रियेची सोय आणि वेळेवर पुढे पाठवण्याची व्यवस्था मागे नसेल, तर यादीवरील खुणा माता वाचवत नाहीत. विज्ञानात अशा अपयशाचे मोल मोठे असते, कारण पुढे कुठे शोधायचे हे त्यातून कळते.

पुढची पायरी २०२३ मध्ये आफ्रिकेत गाठली गेली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातील ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीत अशीच रेघांची चादर वापरली गेली. रेघ ओलांडताच परिचारिकेने पाच गोष्टी एकापाठोपाठ एक न करता एकत्र करायच्या: गर्भाशय चोळणे, ते आवळणारी औषधे, ट्रानेक्झॅमिक आम्ल, शिरेतून द्रव, आणि तपासणी करून गरज भासल्यास वरिष्ठांना बोलावणे. यातले ट्रानेक्झॅमिक आम्ल जपानमध्ये उताको ओकामोतो यांनी पतीसमवेत १९६२ मध्ये शोधले होते. प्रसूतीतील त्याची उपयुक्तता सिद्ध व्हायला २०१७ उजाडले. या चाचणीत रक्तस्राव ओळखला जाण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांवरून ९३ टक्क्यांवर गेले, आणि गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा रक्तस्रावाने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. औषधे दोन्ही गटांना उपलब्ध होती. फरक पडला तो वेळेवर मोजल्यामुळे आणि मोजताच कृती केल्यामुळे.

पुन्हा रायपूर

छत्तीसगडच्या आकड्यांकडे परत येऊ. राज्याचा स्वतंत्र आकडा २०१५-१७ मध्ये १४१ होता. पुढे तो १५९ आणि १६० झाला, २०१८-२० मध्ये १३७. हे चढउतार पाहून एकदम हुरळू नये किंवा खचू नये. मातामृत्यू ही संख्याशास्त्राच्या दृष्टीने विरळ घटना आहे. म्हणूनच तीन-तीन वर्षांची आकडेवारी एकत्र केली जाते, आणि तरीही अंदाजाभोवती अनिश्चिततेचा पट्टा रुंदच राहतो. मात्र एक गोष्ट स्पष्ट आहे. दरम्यानच्या काळात संस्थात्मक प्रसूती वाढतच होत्या, आणि मृत्यूंचा आलेख त्या वेगाने उतरत नव्हता. राज्यात वर्षाला सहा लाखांच्या आसपास जन्म धरले, तर १३७ या दराने आठशेहून अधिक स्त्रिया दरवर्षी दगावतात. दिवसाला दोनपेक्षा जास्त.

केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये ‘लक्ष्य’ कार्यक्रमाद्वारे प्रसूतिकक्षाची गुणवत्ता हा स्वतंत्र विषय मानला, हे योग्य दिशेने पडलेले पाऊल आहे. मातामृत्यूंचे परीक्षण देशात २०१० पासून अपेक्षित आहे. केरळमधील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ मध्येच ब्रिटनच्या धर्तीवर गोपनीय चौकशी सुरू केली होती. चौकशीत नाव गुप्त राहते, शिक्षा होत नाही, म्हणून डॉक्टर आणि परिचारिका खरे सांगतात. जिथे परीक्षण म्हणजे निलंबनाची पूर्वतयारी असते, तिथे ‘रुग्ण अत्यवस्थ स्थितीत आणला’ या एका वाक्याखाली सगळे गाडले जाते आणि पुढची बाळंतीण त्याच कारणाने जाते.

शंभर वर्षांपूर्वी ठपका सुईणीवर होता. नंतर तो घरीच बाळंत होणाऱ्या ‘अडाणी’ स्त्रीवर आला. छत्तीसगडच्या स्त्रियांनी मितानिनचा हात धरून, महतारी एक्स्प्रेसमध्ये बसून आपल्या बाजूचे काम पूर्ण केले आहे. ८६ टक्के हा आकडा त्यांचा आहे. उरलेले काम व्यवस्थेचे आहे आणि त्याची मोजपट्टी वेगळी असायला हवी. किती स्त्रिया आल्या, एवढे मोजून भागणार नाही. रक्तस्राव किती मिनिटांत ओळखला, झटके येणाऱ्या स्त्रीला मॅग्नेशियम सल्फेट पहिल्याच केंद्रात मिळाले का, रक्ताची पिशवी किती वेळात आली, पुढे पाठवताना तिच्यासोबत प्रशिक्षित कोणी होते का, हेही मोजायला हवे.

मातामृत्यूचा नवा अहवाल प्रसिद्ध होईल तेव्हा वर्तमानपत्रांत राज्यांची क्रमवारी छापून येईल. ती पाहताना बेळगावची चादर आठवावी. अंदाजाने पाहिले तर एक तृतीयांश रक्त डोळ्यांना दिसत नाही.